मधल्या खिडकीतली पानं

सांपालोक, मनिला
२० एप्रिल १९७८

लूमिंग पोरी,

अक्षर बघून घाबरू नकोस. कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावर नाचली असं वाटेल, पण ती मीच आहे. झटका येऊन गेल्यापासून उजवा हात संपावर आहे, म्हणून डाव्याला कामाला लावलंय. दादो म्हणाला, "आई, तू सांग, मी लिहितो." पण पोरगा लिहायला बसला की त्याच्या बायकोबद्दल एक अक्षर लिहिता येत नाही. मग पत्राचा उपयोग काय?

सहा वर्षांनी यंदा संत इसिद्रोची मिरवणूक आपल्या गल्लीतून जाणार, आणि मी इथे चौथ्या मजल्यावर अडकलेय. तीस वर्षं, मिरवणुकीचा मान आपल्या गल्लीला असो की दुसऱ्या, मे महिना लागला की सगळ्या बायका माझ्या स्वयंपाकघरात जमायच्या. तांदळाचं पीठ भिजवा, रंगवा, झाडाच्या पानावर लावा, वाफवा, सोला, वाळत घाला, सणाला खिडकीत टांगा. तोंडं चालू, हात चालू. आता त्या घराला कुलूप. पण तू समोरच राहतेस, आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी पाद्रीसमोर तुला मीच हातात धरलं होतं, म्हणून तर मी तुझी निनांग, धर्माची आई. तेव्हा तुझी खिडकी ती माझीच खिडकी असं मी धरून चाललेय.

आता कामाचं. आपल्या गावच्या बसचा कंडक्टर नार्सिंग एक बिस्किटांचा डबा आणून देईल. त्यात एक्केचाळीस पानं आहेत, आपल्यासारखीच, तांदळाची. म्हणजे आपल्यासारखी नाहीतच. त्याचीच तर लाज वाटते.

झालं काय, मला आठवड्यातून तीनदा हाताच्या व्यायामाला नेतात. तिथे आम्ही नऊ जणी. कुणाचा हात गेलेला, कुणाचा पाय. नर्स आम्हाला वाटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायला लावायची. मी म्हटलं, "बाई गं, मी पासष्ट वर्षांची आहे, कबूतर नव्हे." मग मी स्टोव्ह मागितला, पीठ मागितलं. इथे आपल्याकडची पानं कुठली मिळायला! अंगणात देशी बदामाचं झाड आहे, त्याचीच घेतली. जाड, टोपीएवढी. पीठ कुठे जाड बसलं, कुठे पातळ. निम्मी सोलतानाच फाटली. पण लूमिंग, आम्ही इतक्या हसलो की वरच्या मजल्यावरून माणूस बघायला आला.

मिस उरेता म्हणून एक आहे, पस्तीस वर्षं टाइपरायटर चालवला तिनं. ती पट्टीनं मोजून पीठ लावते. सेपा तोंडाची फटकळ, मासळीबाजारातली. आणि ट्रिनिंग. ट्रिनिंग धोबीण. तिची उजवी मूठ जी मिटली ती वर्षभर उघडलीच नव्हती, डॉक्टरांनीही नाद सोडला होता. पण पान सोलायला बोटं लागतात ना? परवा दोन बोटं सुटली. ती रडली, आम्ही रडलो, पीठ करपलं.

प्रत्येक पानाला दोऱ्यानं जिच्या-तिच्या नावाची चिठ्ठी बांधलीय. तू गल्लीतल्या बायकांच्या सुबक पानांमध्ये ही कुठेतरी कोपऱ्यात टांग. दिसली नाहीत तरी चालतील. यांच्यापैकी कुणी कधी आपला सण बघितलेला नाही. त्यांना एवढंच ऐकायचंय की माझं पान लागलं.

तुझी
निनांग अंपारो

•

२९ एप्रिल १९७८

आदरणीय निनांग,

तुमचा हात मनानंच कपाळाला लावते, आशीर्वाद द्या.

डबा मिळाला. तुमच्या या अवस्थेत तुम्ही एवढं केलंत, वाचून डोळे भरून आले. मैत्रिणींनाही माझे आभार सांगा. पानं फार छान आहेत, वेगळी आहेत. प्रवासात थोडी दमट झाली होती, ती मी वजनाखाली ठेवली आहेत.

इकडे सगळी धांदल आहे. यंदा घरं सजवायची स्पर्धा पूर्वीसारखी राहिली नाही. परीक्षक बाहेरून येणार आहेत, वर्तमानपत्रवाले येणार आहेत. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे लोकांच्या माझ्याकडून अपेक्षा असतात. म्हणून आम्ही मिस्टर आब्रेनिका नावाच्या गृहस्थांना सजावटीला बोलावलं आहे. त्यांनी हॉटेलं सजवली आहेत. त्यांचा सगळा आराखडा कागदावर तयार असतो. कुठलं पान कुठे, किती अंतरावर, सगळं.

तुमच्या पानांची काळजी करू नका. तुम्ही स्वतःची काळजी घ्या, हाताला फार ताण देऊ नका.

तुमची लेक
इलुमिनादा

•

७ मे १९७८

लूमिंग,

इलुमिनादा म्हणे! शाळेच्या दाखल्यावर सही केल्यासारखी.

बेलेनचं पत्र आलं. तुझी शेजारीण आहे, पण पत्र मला लिहिते. म्हणते, यंदा कुणाच्याच स्वयंपाकघरात वाफ नाही. लूमिंगनं सगळी पानं एका कारखानदाराकडून करून घेतली, आम्ही मदतीला गेलो तर दारातच म्हणाली, "तुम्ही कशाला त्रास घेता?" बेलेनला वाटलं तू तिच्यावर रागावलीस. मी तिला लिहिलं, अगं, ती दमली असेल, तिला तुमची दगदग नको असेल. बरोबर ना?

आणि हा आराखडेवाला कोण? आपण कधी आराखडा केला होता? दोन मुळे, चार पडवळं, एक टोपली, वर पानं, झालं. जे हाताला लागेल ते.

इकडे सगळ्या रोज विचारतात, "लागलं का? लागलं का?" मी म्हणते, सण पंधराला आहे गं बायांनो, आज सात. ट्रिनिंगची तीन बोटं झाली.

निनांग

•

१८ मे १९७८

आदरणीय निनांग,

आनंदाची बातमी! आपल्या घराला दुसरा क्रमांक मिळाला. परीक्षकांनी विशेष उल्लेख केला की पानांचा रंग आणि आकार इतका एकसारखा त्यांनी कधी पाहिला नव्हता. नगराध्यक्षांच्या पत्नीनं स्वतः हात हातात घेतला. मिरवणूक आपल्या खिडकीखाली थांबली, संतावर फुलं पडली, तेव्हा तुमची फार आठवण झाली.

बेलेनबद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे. मला त्यांना त्रास द्यायचा नव्हता.

आणि हो, तुमची पानं आम्ही मधल्या खिडकीत लावली. कोपऱ्यात नाही, अगदी मध्ये. येणारे-जाणारे विचारत होते, ही एवढी मोठी पानं कुठली म्हणून. तुमच्या मैत्रिणींना नक्की सांगा.

मिरवणूक गेल्यावर नेहमीप्रमाणे सगळं लोकांना वाटून टाकलं, त्यामुळे परत पाठवायला एकही उरलं नाही. समजून घ्याल.

तुमची लूमिंग

•

२८ मे १९७८

माझी सोन्याची पोर,

आज मला गाल दुखेपर्यंत हसून झालंय. थांब, सांगते.

दादोनं गेल्या रविवारच्या वर्तमानपत्राची पुरवणी आणली. बघते तर काय, तुझं घर! अर्धं पान भरून फोटो! काळंपांढरं आहे, जरा पुसट आलंय, पण तुझ्या गॅलरीचा कठडा मी झोपेतही ओळखीन. मी ते तसंच घडी करून व्यायामाच्या खोलीत नेलं. अगं, नुसता गोंधळ! नऊ जणी एका कागदावर. नर्स ओरडतेय, "फाटेल, फाटेल." सेपा म्हणाली, "सरका, मला मासे निवडायची सवय आहे, मी शोधते." आणि बोट ठेवलं. "हे माझं. बघा, खालून वाकडं आहे. माझ्याशिवाय इतकं वाकडं कोण करणार?"

मग प्रत्येकीनं आपलं शोधलं. मिस उरेतानं पट्टी आणवली, भिंग आणवलं. पंधरा मिनिटं मोजत होती. शेवटी म्हणाली, "वरून तिसरी रांग, डावीकडून चौथं." आम्ही म्हटलं, कशावरून? म्हणाली, "ते सरळ आहे." तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही कधी, पण कान लाल झाले होते.

मी ट्रिनिंगला म्हटलं, तुझं कुठलं? ती कागदाजवळ गेली आणि त्याच मुठीतलं एक बोट काढून मधल्या खिडकीतल्या सगळ्यात गडद पानावर ठेवलं. म्हणाली, "हे. मी रंग जास्त घातला होता." मग म्हणाली, "माझं नाव लोकांनी वाचलं असेल का हो?" तिला लिहिता येत नाही ना, चिठ्ठी मिस उरेतानं करून दिली होती. मी म्हटलं, संत इसिद्रोनं वाचलं.

तो कागद आता भिंतीवर चिकटवलाय. नवी बाई आली की आधी तिला भिंतीपाशी नेतात आणि नवाच्या नऊ जणी आपापलं पान दाखवतात. पुढच्या महिन्यापासून पुन्हा सुरू करायचं म्हणतात. मान कुठल्या गल्लीला का असेना.

तुझे उपकार मी या जन्मी फेडत नाही.

तुझी निनांग

•

९ जून १९७८

निनांग,

तुमचं पत्र मी अकरा दिवसांत किती वेळा वाचलं याला गणती नाही. शाळेत वर्गावर असतानाही ते पट्टी घेऊन मोजणं डोळ्यांपुढे येतं. मला आता हे सहन होत नाही.

त्या चित्रात तुमचं एकही पान नाही. वरून तिसऱ्या रांगेतलं नाही, मधल्या खिडकीतलं नाही, कोपऱ्यातलंही नाही. ती सगळी विकतची आहेत. तुमची पानं मी लावलीच नाहीत.

सगळं सांगते. नाहीतर पुन्हा अर्धं लपवीन, मला माझी खोड माहीत आहे. डबा आला त्या दिवशी मिस्टर आब्रेनिका जेवणाच्या टेबलाशी बसले होते. त्यांनीच झाकण उघडलं. एक पान दोन बोटांत धरलं आणि विचारलं, "मॅडम, ही कुठल्या पोरांनी केली?" आणि मी म्हणाले, "शाळेतल्या." निनांग, मी तुमचं नाव घेतलं नाही. तुम्ही मला पाद्रीसमोर धरलंत, आणि मला एका परक्या माणसासमोर तुमचं नाव घ्यायची लाज वाटली. आता त्या लाजेची लाज वाटते.

डबा फळीवर पडून होता. अकरा तारखेला खिळे ठेवायला डबा हवा होता. बस, एवढंच कारण. मागच्या अंगणात डुकराचं खाणं शिजत होतं. तांदूळच तर आहे, वाया कशाला घालवा, असं मी स्वतःला म्हटलं. आणि डुकराच्या घशात दोरा अडकू नये म्हणून मी एकेक चिठ्ठी सोडवत बसले. एक्केचाळीस गाठी. सोडवताना नावं वाचत होते. ट्रिनिंग, सेपा, ट्रिनिंग, अंपारो, मिस जी. उरेता. पुन्हा ट्रिनिंग. चिठ्ठ्या चुलीत गेल्या, पानं हंड्यात गेली. मी डुकराची काळजी घेतली, निनांग.

बेलेनलाही मी त्रास वाचवायला परतवलं नव्हतं. तिची पानं जाड होतात म्हणून परतवलं. क्रमांक मिळाला तेव्हा गल्लीतलं कुणीही वर आलं नाही. ढाल हातात घेऊन मी आणि माझा नवरा दोघंच उभे होतो. मी सगळ्यांना सांगत होते की लोक मिरवणुकीत गुंतलेत.

माफी मागायला तोंड नाही. फक्त तो कागद भिंतीवरून काढा, एवढी विनंती आहे. त्यावर कुणी बोट ठेवतंय हे मला रोज दिसतं.

लूमिंग

•

२ सप्टेंबर १९७८

लूमिंग,

तीन महिने झाले. चारदा लिहायला घेतलं, चारदा टाकलं. डावा हात आता चांगला चालतो, तेव्हा हाताला दोष देता येत नाही.

तुला एक माहीत नव्हतं. तुझी पत्रं इथे मिस उरेता सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. मीच कौतुकानं द्यायची, माझ्या लेकीचं पत्र आलं म्हणून. तुझं जूनचं पत्रही मी न उघडता तिच्या हातात दिलं. "एकही पान नाही" इथपर्यंत आली आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, वाच. का म्हटलं ठाऊक नाही. तिनं शेवटपर्यंत वाचलं, स्वतःचं नावसुद्धा.

मग सेपा म्हणाली, "डुकराला बाधलं तर नाही ना? ट्रिनिंगनं निळा रंग संपला म्हणून कपड्यांची नीळ घातली होती." आणि आम्ही हसलो. काय करणार, हसूच आलं. नर्ससुद्धा हसली. ट्रिनिंग नाही हसली. ती उठली, पिशवी घेतली, आणि गेली. त्यानंतर ती आली नाही. मी दादोला घेऊन तिच्या घरी गेले. तिनं दारातूनच सांगितलं, "तुम्ही हुशार बायका. मला खरंच वाटलं होतं की ते माझं आहे." तिची मूठ मी बघितली. पुन्हा मिटलीय.

तुला वाटत असेल मी पानांवरून रागावले. पानं वाकडीच होती, मला डोळे आहेत. कोपऱ्यात टांग म्हणून मीच लिहिलं होतं. तू मला सरळ लिहिलं असतंस, निनांग, ही नाही लावता येणार, तर मी दोन शिव्या घातल्या असत्या आणि विसरले असते. पण तू "मधल्या खिडकीत" म्हणालीस. ते ऐकून ट्रिनिंगनं बोट उघडलं होतं.

कागद काढलाय. भिंतीवर डिंकाचा डाग राहिलाय.

माझी माफी मागू नकोस. माझं मी बघून घेईन. ट्रिनिंगचं मी कसं माफ करू?

अंपारो

•

१२ सप्टेंबर १९७८

निनांग,

मला फक्त ट्रिनिंगबाईंचा पत्ता द्या.

लूमिंग

•

२४ एप्रिल १९७९

लूमिंग,

नार्सिंगच्या हाती डबा पाठवतेय. यात तेवीस पानं आहेत. फेब्रुवारीत दोन शनिवार तू येऊन आमच्यात बसलीस, तेव्हाची आणि नंतरची. तुझी पाच आहेत त्यात, मी वेगळी काढलेली नाहीत. चित्रकलेच्या बाई म्हणवतेस आणि पाचांतली तीन फाडलीस! सेपा अजून सांगत सुटते सगळ्यांना. तू गेल्यावर म्हणाली, "मान खाली घालून बसते, पण हाडाची वाईट नाही." सेपाकडून एवढं म्हणजे खूप झालं.

यंदा मान आपल्या गल्लीला नाही, बाजाराकडच्या गल्लीला आहे, हे मला माहीत आहे. पानं तळून नवऱ्याला खायला घाल. आमचं मन करण्यात होतं, ते करून झालं.

ट्रिनिंगचं एकही नाही. तू तीनदा तिच्या दारात गेलीस आणि तिनं तिन्ही वेळा कडी काढली नाही हे मला तिच्या शेजारणीकडून कळलं. तू मला सांगितलं नव्हतंस. या वेळचं लपवणं मला आवडलं. पण पोरी, ती नाही उघडणार. काही माणसं एकदाच उघडतात.

मी तुला माफ केलं का असं तू विचारत नाहीस. बरं करतेस. रोज थोडं थोडं होतंय.

निनांग

•

१६ मे १९७९

निनांग,

तुमचा हात कपाळाला लावते. काल जे झालं ते आजच लिहिते, नाहीतर मी त्याला नटवीन.

पानं मी तळली नाहीत. काल सकाळी मधल्या खिडकीत लावली. तेवीसच्या तेवीस, चिठ्ठ्यांसकट. तुम्हाला सांगायला नको, मान नसलेल्या गल्लीत घर सजवणं म्हणजे काय ते. तुमच्या-माझ्या आयुष्यात कुणी केलेलं नाही. नवरा म्हणाला, "लोक वेडी म्हणतील." मी म्हटलं, म्हणू देत. पण खुर्ची ठेवून वर चढण्याआधी गल्लीत कुणी नाही ना ते मी दोनदा बघितलं, हे खोटं नाही.

सगळं गाव बाजाराकडे चाललं होतं, आणि रस्ता आपल्याच गल्लीतून. जो तो थांबायचा. "काय गं लूमिंग, संत इसिद्रोनं तुला वेगळी तारीख दिली का?" "बाई, क्रमांकाची इतकी चटक लागली?" माझ्या वर्गातली पोरं तर "मॅडम, ही फाटकी पानं कुणाची?" म्हणून हसत सुटली. मी ठरवलं होतं की जो विचारील त्याला खरं सांगायचं. तसं सांगितलं. गेल्या वर्षी माझ्या निनांगनं आणि तिच्या मैत्रिणींनी अधू हातांनी केलेली पानं मी डुकराला घातली आणि खिडकीत लावली म्हणून खोटं लिहिलं, ही त्याच बायकांची आहेत. काही हसले. काही "अरेरे" म्हणून पुढे गेले. मुख्याध्यापिका बाईंनी मान वळवली आणि छत्री उघडली, पाऊस नव्हता तरी. वीस जणांनंतर मी मोजलं नाही. सोपं होत जाईल वाटलं होतं, झालं नाही. प्रत्येक वेळी कान तापायचे.

बेलेन सगळं तिच्या दारातून ऐकत होती. दुपारी ती आली, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "माझी पानं याच्यापेक्षा जाड होत नाहीत हं." मी म्हटलं, नाही होत. माझ्याकडे अजून नीट बघत नाही, पण स्टूल घेऊन माझ्या दाराशी बसली.

मग गल्ली रिकामी झाली. बाजाराकडून बँडचा आवाज येत होता. तेवढ्यात एक बाई बसथांब्याकडून चालत आली. किडकिडीत, निळा स्कार्फ, हातात चपला. मी ओळखलं नाही. तिची मूठ बघितली आणि ओळखलं.

निनांग, तिसऱ्या खेपेला मी त्यांच्या दाराखालून एक चिठ्ठी सरकवली होती. मधल्या खिडकीत तुमच्यासाठी जागा सोडतेय, पंधरा मेला, एवढंच लिहिलं होतं. वाचता येत नाही हे माझ्या लक्षात होतं, तरी लिहिली, कारण दुसरं सुचलं नाही. कुणाकडून वाचून घेतली कुणास ठाऊक.

त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. खिडकीतली पानं एकेक बघितली. मग म्हणाल्या, "चित्रातली ही नव्हे."

मी म्हटलं, "नाही. ती विकतची होती."

"हां," म्हणाल्या. मग मधल्या रिकाम्या जागेकडे हनुवटीनं खूण केली. "तिथे काय?"

"तिथे तुमचं," मी म्हटलं. "पण तुम्ही दिलंच नाहीत."

मला वाटलं आता ही बाई मला सगळ्या गल्लीदेखत बोलेल, आणि बोलली असती तर बरंच झालं असतं. बेलेन स्टुलावरून उठून उभी राहिली होती. ट्रिनिंगबाईंनी चपला माझ्या उंबऱ्यापाशी ठेवल्या.

"मग पीठ भिजव," म्हणाल्या. "साडेपाचची बस आहे माझी."

आणि निनांग, मी पीठ काढलं, पातेलं काढलं, आणि हात तसाच थांबला. दोन शनिवार तुमच्यात बसले, पण पीठ नेहमी तुम्हीच भिजवलेलं असायचं. गल्लीतलं सगळ्यात मोठं बक्षीस माझ्या भिंतीवर टांगलेलं, आणि पिठात पाणी किती घालायचं हे मला माहीत नव्हतं. त्या बाईसमोर, चूल पेटवून, मला दारातून हाक मारावी लागली, "बेलेन, अगं पाणी किती?"

लूमिंग